तीन महिन्यांचे बाळ आणि इरुंगट्टुकोट्टईची शर्यत : जावे की थांबावे?

पिवळाझेंडा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज चालवतो. गेली नऊ वर्षे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर शर्यतींच्या वेळी मी मार्शल म्हणून स्वेच्छेने काम करत आलो आहे. हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर असून त्यावर १२ वळणे आहेत. मार्शलने आपल्या वळणावरच्या पोस्टवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे राहायचे असते. पुढे धोका असेल तर पिवळा झेंडा हलवायचा, रस्ता निसरडा झाला असेल तर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा दाखवायचा, मागून वेगवान गाडी येत असेल तर पुढच्या चालकाला निळा दाखवायचा आणि एखादी गाडी वाळूत रुतली तर धावत जाऊन ती बाजूला काढायची, असे हे काम आहे. पोस्टवर असताना खिशातला फोन बाहेर काढायचा नसतो, कारण नजर दोन क्षण हटली तरी कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

ही ओढ कुठून लागली तेही सांगतो. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मित्रांबरोबर रेल्वेच्या साध्या डब्यातून मी तिथे पोहोचलो होतो. इंजिनांचा तो आवाज छातीच्या पिंजऱ्यात घुमला, आणि त्यानंतर मी कधी नुसता प्रेक्षक राहू शकलो नाही.

यंदा मे महिन्यात आम्हाला मुलगी झाली. सौ. बाळंतपणाला राजापूरला माहेरी होती आणि जुलैच्या सुरुवातीला बाळाला घेऊन घरी आली. आता ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात शर्यतीची फेरी आहे आणि मी येणार का, अशी तिकडून विचारणा झाली आहे. शर्यत तीनच दिवसांची असली तरी इथून आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून बेंगळुरू आणि पुढे चेन्नईच्या अलीकडे उतरायचे, असा हजार किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. गंमत अशी, की कोल्हापूरला जो ४८ क्रमांकाचा महामार्ग लागतो तोच थेट ट्रॅकच्या दारावरून जातो. तरीही जाण्यायेण्यासकट पाच ते सहा दिवस घराबाहेर मोडतात.

सौ. म्हणते, "जाऊन या." आई म्हणते, "आम्ही सांभाळू." मला मात्र त्या दोघींच्या होकाराने मोकळे वाटत नाही. घरात माझ्या वाट्याला दोन कामे आहेत. पहिले काम पहाटेचे : पाच ते सात मी बाळाला घेऊन पडवीत बसतो, कारण सौ.ला सलग झोप मिळते ती तेवढीच. दुसरे काम लंगोटांचे : या पावसात दुपटी आणि लंगोट चार चार दिवस वाळत नाहीत, म्हणून रात्री जेवण झाल्यावर मी एकेक लंगोट इस्त्रीने कोरडा करतो, आणि वीज गेली तर शेगडीवर तारेची जाळी ठेवून त्यावर धरतो. आईचे गुडघे दुखतात, तिला पहाटे उठवणे मला बरे वाटत नाही. शिवाय गणपतीच्या तोंडावर गॅरेज बंद ठेवले तर हक्काचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. ज्यांनी या दोन्ही गोष्टी निभावल्या आहेत त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

अष्टागर (अलिबाग)

अभिनंदन! माझे मत स्पष्ट आहे, एक हंगाम सोडून द्यावा. फॉर्म्युला वन चालक निको रोझबर्गने २०१६ साली विश्वविजेतेपद मिळवले आणि अवघ्या पाच दिवसांनी निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी त्याची मुलगी सव्वा वर्षाची होती आणि त्याने कुटुंबाचे कारण दिले होते. तुम्ही २०११ साली ज्याला जिंकताना पाहिले, आणि नंतरच्या दोन्ही वर्षी जो तिथेच पुन्हा जिंकला, त्या सेबॅस्टियन व्हेटेलनेही २०२२ साली थांबताना आपल्याला मुलांना वाढताना पाहायचे आहे असे सांगितले. ज्यांचा चरितार्थ त्या ट्रॅकवर होता त्यांनी हा निर्णय घेतला असेल, तर स्वेच्छेने काम करणाऱ्याने एक वर्ष थांबायला कोणतीच हरकत नसावी. घरबसल्या शर्यती पाहता येतात. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, तेव्हा बाळ मांडीवर घेऊनही त्या पाहता येतील.

आगरातलीआई (मालवण)

पिवळाझेंडा, तुमच्या लिखाणातली लंगोट इस्त्री करण्याची ओळ वाचून मी थांबले, कारण आमच्या घरी ते काम सहा वर्षे मीच केले. माझे यजमान मोटार रॅलीमध्ये एका संघाच्या सर्व्हिस क्रूमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या पथकात असतात. वर्षातून तीनदा तरी ते नाशिक, चिकमगळूर, कोईमतूर अशा भागांत जातात. मला दोन मुले आहेत, म्हणून या प्रश्नाची घरातली बाजू सांगते.

यजमान गेले याचे मला फारसे दुःख कधी झाले नाही. ते परत येण्याच्या दिवसाचे मात्र झाले. रविवारी रॅली संपायची, सोमवारी दुपारी ते दारात यायचे, आंघोळ करून जेवायचे आणि मंगळवारी सकाळपर्यंत झोपायचे. मी चार रात्री जागून काढलेल्या असायच्या आणि 'आता ते येतील' या एका भरवशावर मी सोमवार ओढून नेलेला असायचा. ते थकलेले आहेत हे दिसत होते, त्यामुळे बोलताही येत नव्हते. एकदा थोरला पाच महिन्यांचा असताना मी त्यांना उठवले आणि नुसते बाळ हातात दिले. मी काही न बोलता विहिरीवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासाने परत आले. त्या दिवशी त्यांना समजले. त्यानंतर आमचा नियम झाला की परतल्यावरचा पूर्ण दिवस बाळ त्यांच्याकडे आणि झोप माझी. त्यासाठी ते परतीच्या वाटेत एक रात्र मुक्काम करून, झोपून मग येतात. घरापासून एक दिवस जास्त लांब राहिलेले मला चालते, पण दारात आल्यावर माणूस जागा हवा.

दुसरे असे, की "जाऊन या" हे आपण कोणत्या वेळी विचारतो यावर उत्तर ठरते. आपल्याकडे सासूबाई समोर बसलेल्या असताना कोणती सून "नका जाऊ" म्हणेल? तुम्ही पहाटे पडवीत बसता ना, तिथे एकदा दोघांनीच बोला. परवानगी मागू नका. "पाच ते सात कोण घेईल आणि लंगोट कोण वाळवील, ते आपण आज ठरवू," असे म्हणा. मग होकार खरा आहे की नाही हे आपोआप कळेल.

जुनीफियाट (गुहागर)

पिवळाझेंडा, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून 'अरे' म्हणतो, राग मानू नकोस.

मी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती पाहिलेला माणूस आहे. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाल्यावर तिथेही अनेकदा गेलो. त्या काळी आपल्याकडे कोकण रेल्वे नव्हती, गुहागरहून एस.टी.ने चिपळूण, कुंभार्ली घाटाने कराड, पुढे मिरज आणि तिथून रेल्वे असा प्रवास असे. १९९२ साली माझा मुलगा नऊ महिन्यांचा होता आणि मी सात दिवसांचे सांगून निघालो. येताना पाऊस लागला, घाटात दरड कोसळली आणि मी दोन दिवस खालीवर अडकलो. आमच्या वाडीत फोन एकच होता, तोही किराणा दुकानात. निरोप दिला, पण तो घरी पोहोचलाच नाही. मुलाला तापाने घेरले होते आणि घरच्यांनी बैलगाडीतून त्याला डॉक्टरांकडे नेले होते. दहाव्या दिवशी मी उंबऱ्यात उभा राहिलो तेव्हा तो माझ्याकडे बघून रडला आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसून बसला. नऊ महिन्यांची मुले अनोळखी माणसाला बुजतात हे मला नंतर समजले, पण त्या संध्याकाळी ते समजून काही उपयोग नव्हता. तो माझ्याकडे पुन्हा आपणहून येईपर्यंत चार दिवस गेले. आज तो पस्तिशीला टेकला आहे आणि आमचे उत्तम आहे, तरी तो उंबरा मला आठवतो.

तुझी लेक ऑगस्टमध्ये साडेतीन महिन्यांची असेल. ती तुला परका समजणार नाही, त्या बाबतीत निश्चिंत राहा. खरी भीती रस्त्याची आहे. पावसाळ्यात आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा यांतला कोणता घाट कधी बंद होईल ते सांगता येत नाही, आणि रेल्वेचेही पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालते, गाड्या हळू धावतात. म्हणून घरी "मी अमुक दिवशी येतो" असे सांगू नकोस. त्यापुढचे दोन दिवस धरून सांग आणि त्या दोन दिवसांचीही सोय लावून जा. मी ती लावली नव्हती.

कर्णवैद्य (चिपळूण)

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. मूळ प्रश्नात नसले तरी कोणीतरी "बाळाला आणि आईलाही बरोबर घेऊन जा" असे सुचवील, म्हणून आधीच लिहितो. पहिल्या वर्षात तरी हा विचार मनात आणू नये. मोठ्या माणसाच्या कानासाठी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पाव तासच उरतो. शर्यतीच्या इंजिनांचा आवाज ट्रॅकच्या कडेला याहून बराच जास्त असू शकतो. तान्ह्या बाळाची कर्णनलिका आखूड आणि अरुंद असल्यामुळे तोच आवाज त्याच्या पडद्यावर अधिक दाबाने पोहोचतो. फोमचे बोळे बाळाच्या कानात बसत नाहीत आणि तोंडात गेले तर घशात अडकण्याचा धोका असतो. बाहेरून बसणारे इअरमफ मिळतात, पण दिवसभर ते डोक्यावर ठेवणे या वयात शक्य नाही. तुम्ही स्वतः मात्र नऊ वर्षे पोस्टवर उभे आहात, तर एकदा श्रवणचाचणी करून घ्या. मध्यरात्री शेजारच्या खोलीतले रडणे ऐकू येण्यासाठी तुमचे कान शाबूत हवेत.

आता तारखेबद्दल. बाळ मे महिन्याच्या मध्याचे असेल तर तिचा साडेतीन महिन्यांचा, म्हणजे चौदाव्या आठवड्याचा डोस नेमका ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. त्यातल्या पेंटाव्हॅलंट लसीमध्ये डांग्या खोकल्याविरुद्धचा अंश असतो आणि दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीनही डोस झाल्यावर त्याचे प्राथमिक संरक्षण पुरे होते. प्रवासातून आणि गर्दीतून घरी येणाऱ्या माणसाचा साधा वाटणारा खोकला तान्ह्या बाळाला महागात पडू शकतो, म्हणून तिसऱ्या डोसनंतर जाणे अधिक बरे. डोसच्या रात्री ताप येणे, मांडी सुजणे, बाळ किरकिरणे हे नेहमीचे आहे. ती रात्र एकट्या आईवर टाकू नये, असे मी प्रत्येक बापाला सांगतो.

पिवळाझेंडा (रत्नागिरी)

डॉक्टरसाहेब, आपले उत्तर वाचून मी लगेच लसीकरणाचे कार्ड काढून पाहिले. डोसचा दिवस शर्यतीच्या आठवड्यातच येतो. कार्ड कपाटाच्या दाराला चिकटवलेले आहे, मी रोज त्याच्यासमोरून जातो आणि तरीही हे माझ्या ध्यानात आले नव्हते, याची मला खंत वाटते.

मालवणच्या ताई, आज पहाटे आम्ही दोघे पडवीत बसून बोललो. सौ.ने सांगितले की माझ्या जाण्याला तिची हरकत नाही, पण मी फोनवर सापडणार नाही या गोष्टीची तिला धास्ती वाटते. बाळाला काही झाले तर ती कोणाला विचारणार? नऊ वर्षांत पोस्टवरच्या या नियमाचा मला अभिमानच वाटत आला आहे. त्याची दुसरी बाजू मी आज प्रथमच ऐकली.

खाडीपलीकडे (दापोली)

अष्टागर यांच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. मी मुलगा झाल्यावर दोन वर्षे सगळे सोडले आणि ते कोणी मागितले नव्हते. त्यातून घरात एक न बोललेली थकबाकी तयार झाली. बायकोला वाटे मी तिच्यामुळे थांबलो आणि मला वाटे तिला त्याची किंमत नाही. वर्षातून एक फेरी ठरवून, उघडपणे जाणे यापेक्षा बरे झाले असते.

घाटमाथा (साखरपा)

माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षी मी लांबचे सगळे बंद केले आणि जवळचे तेवढे ठेवले. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. रत्नागिरीहून कोल्हापूर सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून रात्री घरी येता येते. पेट्रोलचा आणि तापलेल्या टायरचा वास नाकात गेला की महिनाभर पुरतो, हे ज्याला कळते त्याला कळते.

चेन्नईलाच जायचे असेल तर विमानाचा विचार जरूर करा. रत्नागिरीहून गोव्यातला मोपा विमानतळ चार-पाच तासांवर आहे. खर्च वाढतो हे खरे, पण पाच-सहा दिवसांचे चार होतात, आणि घाट लागत नाही. मार्शलला मिळणाऱ्या मानधनात हा खर्च बसणार नाही याची मला कल्पना आहे. मी त्या वर्षी दिवाळीची खरेदी वगळली होती.

फोनबद्दल एक सुचवतो. पोस्टवरच्या मुख्य मार्शलकडे रेडिओ असतो. ट्रॅकच्या कार्यालयात बसणाऱ्या एका जबाबदार माणसाचा क्रमांक घरी देऊन ठेवा, आणि त्याला आधीच सांगा की माझ्या घरून फोन आला तर मला पोस्टवरून बदलून बोलवा. ज्यांच्याबरोबर नऊ वर्षे काम केले ते एवढे नक्की करतील.

पिवळाझेंडा (रत्नागिरी)

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. ज्यांनी वेळ काढून सल्ला दिला त्यांना पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

ऑगस्टची फेरी मी सोडली. डोसच्या रात्री मुलीला ताप आला; डॉक्टरांनी सांगितलेले थेंब दिले, पहाटे अडीचला तिचा घाम पुसला आणि मग तिला खांद्यावर घेऊन पडवीत येरझाऱ्या घातल्या. पाऊस इतका होता की समोरची माडाची झाडे दिसत नव्हती. त्या वेळी तिकडे ट्रॅकवर पहिल्या सरावाची तयारी चालू असेल हे मनात आले. आले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

नंतर नोव्हेंबरमध्ये कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या फेरीला मी गेलो. तो ट्रॅक २००३ सालचा, जेमतेम २.१ किलोमीटरचा. पण रत्नागिरीच्या माणसाला त्याची मोठी सोय अशी, की कोकण रेल्वेने गाडी न बदलता कोईमतूर गाठता येते. ती गाडी रोज नसते, म्हणून आधी गाडीचा दिवस पाहिला आणि मग जाण्याचे ठरवले. पाऊस सरला होता, लंगोट उन्हात वाळत होते, मुलगी सहा महिन्यांची होऊन तिचे उष्टावण माझ्या मेहुण्याच्या हातून झाले होते, आणि पहाटेच्या पाच ते सातसाठी सौ.ची धाकटी बहीण राजापूरहून आठवडाभर येऊन राहिली. तिच्या परतीचे तिकीट मी माझ्या परतीच्या दोन दिवस पुढचे काढले होते. गुहागरच्या काकांचे ते दोन दिवस लागले नाहीत, पण ते आहेत हे माहीत असल्यामुळे घरी कोणी घड्याळ पाहत बसले नाही.

घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा क्रमांक मी सौ.ला दिला होता. शनिवारी पात्रता फेरी चालू असताना मुख्य मार्शलने मला रेडिओवर आलेला निरोप सांगितला. माझ्या पोटात खड्डा पडला. निरोप एवढाच होता : "सगळे ठीक आहे, फक्त फोन लागतो का ते पाहिले." दुपारच्या सुट्टीत मी घरी बोललो तेव्हा सौ.चा आवाज ऑगस्टमधल्या त्या पहाटेपेक्षा कितीतरी हलका होता. ती म्हणाली, "आता मला झोप येईल."

येताना मडगावला उतरून एक रात्र झोपलो आणि मग पुढची गाडी धरली. गॅरेज दुसऱ्या दिवशीही बंद ठेवले. मालवणच्या ताई, मुलगी दिवसभर माझ्याकडे होती आणि सौ. दुपारी बारापासून चारपर्यंत सलग झोपली. मुलीने माझ्या गळ्यातली मार्शलची शिट्टी ओढून तोंडात घातली, ती काढून घेताना ती चिडली, मग मी शिट्टी उकळत्या पाण्यात धुऊन पुन्हा तिच्या हातात दिली.

श्रवणचाचणीही करून घेतली. डाव्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज थोडे कमी येतात. आता बोळे आणि वरून इअरमफ असे दोन्ही वापरतो. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस फेब्रुवारीत आहे. तो आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवला आहे, आणि पुढच्या हंगामाच्या तारखा आल्या की त्या सौ.च लिहिणार आहे.